आइसलँडची भावकी

धोंडूआबांच्या खळ्यावर पाव्हणा आला, की आबा त्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या देतात आणि मग एक काळा दगड.

"बघा, जड हाय का न्हाई? आइसलँडात बी ह्योच."

औंढ्यात त्यांची भातखाचरं माझ्या खाचरांना लागून आहेत. मागे एक गोरी बाई आमच्या डोंगराचा कडा बघायला आली होती. तिनं आबांना मोबाईलवर आपल्या देशाचे, आइसलँडचे फोटो दाखवले. सोबतच्या गाईडनं मराठीत सांगितलं, की तुमचा दगड आणि यांचा दगड एकच, दोन्ही ज्वालामुखीतून निघालेले. बाई गेली. आबांनी मात्र नातं धरून ठेवलं. "दगड एक म्हंजे भावकीच की!" तेव्हापासून नातवंडांना मोबाईल मिळेनासा झाला. सारखा आइसलँड.

तिथं आडनावं नसतात, बापाच्या नावाला 'सन' जोडतात, हे कळल्यावर तर ते हरखलेच. आमच्या आळीत सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणजे असून नसल्यासारखं. मी भिकूचा, म्हणून 'भिकूसन' झालो. आबा स्वतः 'गणूसन'. कामशेतला तांदूळ घालताना दुकानदारानं पोत्यावर टाकायला नाव विचारलं, तर हेच सांगितलं. दुकानदार म्हणाला, "माल चिनी आहे का, आबा?"

दुपारी बांधावर भाकरी सोडली की आइसलँड सुरू. आवाज असा, की डोंगरातली गुरं माना वर करायची.

"ऐका भिकूसन! राजाशी पटंना, म्हणून ही माणसं गुरंमेंढरं होडीत घालून निघाली. तितं पोचली, तर तितं बी जमिनीवरनं मारामाऱ्या! मग म्हणाली, वर्सातनं एकदा समदी एका जागी बसू. उघड्यावर. भुई फाटलीया तितं, बाजूला ह्ये उंच कडं. आन एक माणूस हुबा राहून समदं कायदं तोंडपाठ म्हणायचा!"

"आबा, मी हितंच बसलोय. हळू सांगा की."

"वारं हाय," आबा म्हणायचे. झाडाचं पान हलत नसायचं.

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं गाव म्हणतं. ते पसरवण्यात माझा हात मोठा. चहाच्या टपरीवर मी त्यांची नक्कल करायचो आणि लोक पोट धरून हसायचे. म्हणूनच खरं काय ते आता मीच लिहायला हवं.

आबांच्या खाचरांच्या खालच्या अंगाला त्यांचा धाकटा भाऊ शंकर कसतो. बांध कुणी सरकवला, यावरून दोघांत अबोला. इतका जुना, की बांध नक्की कुठल्या बाजूला सरकला होता हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी एकदा सहज म्हणालो, "मग आबा, शंकरही गणूसनच की!"

"चहा निवंल तुमचा," आबा म्हणाले. माझा कप केव्हाच रिकामा झाला होता.

यंदा भाद्रपदात माझा गुडघा धरला आणि शेतावर जाणं थांबलं. एका संध्याकाळी शंकर दारात येऊन घुटमळायला लागला. तो यापूर्वी माझ्या घरी आल्याचं मला आठवत नाही.

"नाना, गुडघा कसा हाय?"

"बरा आहे."

"मग उद्या येनार का शेतावर?"

"बघू. का रे?"

"न्हाई, आपलं..." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "त्यो माणूस सभंत हुबा राहून कायदं म्हणायचा न्हवं? त्यातलं एखादं इसरला, तर मग काय व्हायचं?"

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी न्हाई आला की त्यो काईच बोलत न्हाई," शंकर खाली बघत म्हणाला. "नुसता बसून असतोय."

इतकी वर्षं मला वाटत होतं, आबा मला सांगताहेत.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत शेतावर गेलो आणि शंकरचा प्रश्न आबांना जसाच्या तसा सांगितला. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. पलीकडे शंकर पाठमोरा बसून भाकरी खात होता. हाक मारली तर ओ देईल, एवढ्याच अंतरावर. आबांनी तिकडे मान वळवली नाही. माझ्याजवळ सरकले आणि म्हणाले, "नाना, तोंडावरनं कसा दिसतोय वो त्यो? लय वाळलाय का?"