मुजीबभाईंचा विरोध

माणसाची योग्यता त्याच्या गुणांवर नव्हे, अडचणींवर ठरते, हे आता साऱ्या शहाण्या जगानं मान्य केलेलं आहे. गुण काय, कुणालाही पडतात. अडचण नशिबानं लाभते, आणि ज्याला लाभत नाही त्याला ती मुदतीच्या आत तयार करून घ्यावी लागते. ही सोय आमच्या भागात प्रथमच उपलब्ध करून दिल्याबद्दल वरवंडच्या ‘सातासमुद्र ॲकॅडमी’चे संचालक सुमित सर यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

ॲकॅडमी खताच्या दुकानावर, पत्र्याखाली आहे. अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं तर सॅट नावाची परीक्षा देतात, आणि तिची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीतच करायची असते. कारण मे महिन्यात पत्र्याखाली बसून ज्यानं देवमाशांच्या स्थलांतरावरचा इंग्रजी उतारा समजून घेतला, त्याला पुढं कशाचंच भय राहत नाही. गेल्या उन्हाळ्यात एकतीस पोरं बसली. नऊ जणांचा घोळणा फुटला (हे प्रमाण समाधानकारक असल्याचं सर सांगतात), दोघं झोपेत इंग्रजी बरळले, आणि खुटबावच्या एकानं जेवताना आईला भाजीचे चार पर्याय मागितले.

पण नुसत्या मार्कांवर तिकडं कुणी दार उघडत नाही. अर्जासोबत साडेसहाशे शब्दांचा निबंध लागतो, आणि त्यात आपण काय सोसलं ते लिहायचं असतं. इथं भूगोलाचा अन्याय सुरू होतो. शिरूर तालुक्यात पाबळकडच्या पोरांना दुष्काळ घरबसल्या मिळतो. आमच्या दौंड तालुक्यात कालवा. ज्याच्या उसाला कालव्याचं पाणी आहे, त्यानं सोसावं तरी काय? यावर उपाय म्हणून सरांनी भिंतीवर तक्ता लावला होता. तो असा: दुष्काळ, उत्तम, परंतु पाबळकरांनी आधीच वापरलेला. पूर, लवकर ओसरतो, साडेसहाशे शब्दांना पुरत नाही. आजार, चालेल, बरा झालेला असावा. बापाचा विरोध, सर्वोत्तम, मुलींना प्राधान्य.

निखत ही मुजीबभाईंची मुलगी. हायवेला लागून त्यांचं ‘मुजीब मोटार रिवायंडिंग’ नावाचं दुकान आहे. विहिरीतली, बोअरमधली मोटार जळाली की लोक तिथं आणतात. निखत आठवीपासून मोटारी भरते, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. पंचक्रोशीतली माणसं गाडीवरून मोटार खाली उतरवायच्या आधी विचारतात, “पोरगी हाय का? न्हाई तर उद्या येतो.” मुजीबभाईंना याचा एवढा अभिमान, की स्वतः भरलेली मोटारही ते पोरीनं भरली म्हणून सांगायचे.

सॅटमध्ये निखतला सोळाशेपैकी पंधराशे दहा पडले. विजेच्या यंत्रांची मोठी प्रयोगशाळा असलेलं एक कॉलेज तिनं हेरून ठेवलं होतं. निबंधही लिहिला होता: अब्बा डोळे मिटायला लावून हातात तांब्याची तार द्यायचे आणि अंगठ्यानं चाचपून तिची जाडी ओळखायला सांगायचे, त्याबद्दल. सरांनी तो वाचला.

“छान आहे,” सर म्हणाले. “पण यात भांडण कुठंय?”

“भांडण झालंच न्हाई, सर.”

“तीच तर अडचण आहे ना तुझी. अडचण नाही.”

मग सर स्वतः दुकानात आले. “मुजीबचाचा, तुम्ही फक्त विरोध करायचा.”

“कशाला?”

“निखतच्या शिक्षणाला.”

“आरं, तुझ्या क्लासात म्याच आणून घातली की तिला.”

“ते आपल्यात. कॉलेजचा माणूस व्हिडिओ कॉल करू शकतो. त्याला तुम्ही रागीट दिसायला पाहिजे.”

“लेकीचं काम हुतंय ना? मग करतो. विरोध करायला काय पंचवीस हॉर्सपॉवर लागती व्हय?”

लागते, असं पुढं आढळून आलं. विरोधाचा सराव रोज सकाळी दहा ते अकरा, दुकानातच ठरला. मुजीबभाई खुर्चीवर बसायचे, सर हाताची घडी घालून समोर.

“न्हाई जायचं,” मुजीबभाई म्हणायचे. “अजिबात जायचं न्हाई. लई थंडी असती तिथं. आन् जायचं तर दोन सोटर घेऊन जायचं.”

“स्वेटर काढा, चाचा.”

“थंडीत?”

“वाक्यातून काढा.”

मुजीबभाईंची आई जन्नतबी बाहेर लसूण निवडत असायची. तिला हे बघवेना. “त्येला न्हाई जमायचं. त्यो ल्हानपणापासनं मऊ हाय. मला करू द्या इरोध, दणकून करते.” सरांनी नम्रपणे सांगितलं, की आजीचा विरोधही धरतात, पण बापाच्या विरोधाएवढा त्याला उठाव नाही. शेवटी मुजीबभाईंनी नुसतं गप्प बसावं आणि कपाळाला आठी घालावी, असा मध्यम मार्ग निघाला. आठी येण्यासाठी ते मनात कुणाची तरी जळालेली मोटार आणायचे.

राहता राहिला अर्ज कधी करायचा हा प्रश्न. सगळ्यांसोबत जानेवारीत केला तर गर्दी. नोव्हेंबरच्या एक तारखेच्या आत केला तर संधी जास्त, मात्र अट अशी, की त्या कॉलेजानं घेतलं तर दुसरीकडं बघायचं नाही. इंग्रजीत याला ‘अर्ली डिसिजन’ म्हणतात. भिमाजी आप्पा, आमचे माजी सरपंच, ऐकता ऐकताच म्हणाले, “म्हंजी सुपारी फोडायची.” एवढं एकदा कळल्यावर आमच्या लोकांना काही शिकवावं लागत नाही. दुकानासमोर सतरंजी पडली, दोन्ही पक्षांची बैठक बसली (कॉलेजच्या बाजूनं लॅपटॉप). स्थळाची रीतसर चौकशी झाली.

“पाण्याचं कसंय तिकडं?” आप्पांनी विचारलं.

“सहा महिने बर्फ असतो,” सर म्हणाले.

“म्हंजी पाण्याचा प्रश्न न्हाई. घराणं?”

“दोनशे वर्षं जुनं आहे.”

“मग बघायचंय काय? फोडा.”

लॅपटॉपसमोर सुपारी फुटली आणि निखतनं बटण दाबलं. दाबण्याआधी तिनं बापाकडं पाहिलं. “अब्बा, ह्या नव्या निबंधात तुमी मला पान्हा फेकून मारलाय.”

“लागला का?”

“न्हाई. चुकवला मी.”

“मग पाठव. एवढ्यासाठी वरीस घालवू नगं.”

डिसेंबरात उत्तर आलं. प्रवेश, पूर्ण शिष्यवृत्ती, वर कौतुक. कॉल कुणी केलाच नाही. तीन महिन्यांची आठी वाया गेली. कॉलेजला निबंध मात्र इतका आवडला, की त्यांनी तो आपल्या मासिकात छापला (अर्जातल्या एका चौकोनात खूण करून निखतनं तशी परवानगी दिलेली होती, खुणा एकूण चव्वेचाळीस होत्या). तिथून तो एका जिल्हा दैनिकानं मराठीत आणला. पान्हा मथळ्यात आला.

आणि वरवंडानं तो वाचला. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. वाचणाऱ्या प्रत्येकानं निखतला बापाशेजारी बसून मोटार भरताना पाहिलेलं होतं, वर्षानुवर्षं, रोज. पण डोळ्यांनी पाहिलेलं ते पाहिलेलं, आणि छापून आलेलं ते खरं. आठ दिवसांत लोकांना आठवायला लागलं. कुणाला मुजीबचा चढलेला आवाज आठवला. कुणाला पान्ह्याचा नंबर आठवला.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात सत्कार ठरला. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या: सरपंच, ग्रामसेवक, भिमाजी आप्पा, सुमित सर, दोन प्रमुख पाहुणे आणि निखत. सत्कारमूर्तीच्या वडिलांना बोलावणं नव्हतं, पण अडवायचं नाही असा उदार निर्णय झाला होता. ते शेवटच्या रांगेत, दारापाशी बसले. इस्त्रीचा शर्ट होता.

भिमाजी आप्पा बोलायला उभे राहिले. आप्पांच्या अकरा मोटारी निखतनं भरल्यात. “मुजीब,” ते मायेनं म्हणाले, “झालं गेलं इसरून जा. पर लेकीचा हात अडवू न्हाई मानसानं.” सभागृहातल्या माना मागं वळल्या. मुजीबभाईंनी मान हलवली. सवयीनं कपाळाला आठी पडली. लोकांनी ती पाहिली.

निखत माइकपाशी गेली. “माझ्या वडिलांनी मला कधीच अडवलं नाही,” ती म्हणाली. “मला काम त्यांनीच शिकवलं. निबंधात मी खोटं लिहिलं. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.”

मग आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. “बगा,” ते शेजाऱ्याला म्हणाले, आणि माइक चालू असल्यानं सगळ्यांनाच म्हणाले, “संस्कार बगा. अजूनबी बापाला झाकून घेती.” टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. अशा वेळी एकट्यानं हात मांडीवर ठेवून बसणं बरं दिसत नाही.

निखत हट्टाची. दुसऱ्याच दिवशी तिनं कॉलेजला पत्र लिहिलं: विरोध झाला नव्हता, निबंध खोटा आहे, प्रवेश काढून घ्यायचा तर घ्या. प्रवेश जाईल म्हणून सुमित सरांनी दोन दिवस अन्न सोडलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. कॉलेजनं लिहिलं होतं, की हे पत्र तू कोणत्या दबावाखाली लिहिलं असशील याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तू एकटी नाहीस. घाबरू नकोस. खाली एक मदतीचा नंबर होता, आणि निघायची तारीख घरच्यांना शक्यतो कळू देऊ नये, असा सल्ला.

पत्र तिनं बापाला वाचून दाखवलं. मुजीबभाई हातातल्या तारेचा पीळ सोडवत राहिले.

“जा तू,” ते म्हणाले. “तिथं प्रयोगशाळा मोठी हाय.”

“आन् तुमचं नाव?”

“ह्या लोकांला म्या किती सांगणार? परवा आप्पा आलते मोटार घेऊन. म्हणाले, राग आवरत जा मुजीब. म्या म्हणलं, व्हय आप्पा, आवरतो. खरं सांगू का बाळा, त्यो पान्हा म्या मारला आसंल आसं मलाबी कवा कवा वाटतंय.”

ऑगस्टात निखत गेली. सोडायला जन्नतबी आणि सर गेले. मुजीबभाई दुकानातच बसले, कारण बाप विमानतळावर दिसला तर लोक म्हणाले असते, शेवटच्या क्षणी अडवायला गेला. यंदा ॲकॅडमीत एकतीसच्या त्र्याहत्तर जागा झाल्यात, आणि तक्त्यावर ‘बापाचा विरोध’ या ओळीपुढं सरांनी खरं उदाहरण म्हणून वरवंडचं नाव घातलं आहे.

आमचं गाव अडाणी, तुम्ही हसलात ते योग्यच झालं. आता जाता जाता एक करा. डोळे मिटा आणि मुजीबभाईंचा चेहरा आठवा. आला ना डोळ्यांपुढं? दाढी आहे ना त्याला? मी ती लावलेली नाही; हवं तर पुन्हा वरून वाचून बघा. मुजीबभाई रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून दुकानात बसतात.