तात्यांच्या खिशातले सेल

आमच्या शेजारचे तात्या रानात जाताना रेडिओचे सेल बंडीच्या खिशात घालून न्यायचे. रेडिओ घरीच, खुंटीला. चालताना सेल एकमेकांवर खटखट वाजायचे. त्यावरून मला घरबसल्या कळायचं, तात्या निघाले.

रेडिओ कुसुमला तिच्या मुंबईच्या मामानं दिला होता. कुसुम म्हणजे तात्यांची एकुलती लेक, आईवेगळी. सुरुवातीला ती तो गळ्यात अडकवून म्हशींमागं जायची. धुक्यात पोर दिसायची नाही, म्हशी दिसायच्या नाहीत, नुसतं गाणं वेल्हे गावाच्या अंगानं चाललेलं असायचं. भांडी घासता घासता माझा हात थांबायचा.

तात्यांना मात्र ते खपेना, म्हणून सेल त्यांनी आपल्याकडं घेतले. "घरातला रेडिओ घरात बसतो, वैनी. ह्यो पोरीसंगं रानात जातो. आसलं चालतं-बोलतं यंत्र पोरीच्या हाती द्यावं व्हय?"

गाण्यानं पोरीच्या डोक्यातले पाढे पुसले जातात, असं त्यांचं ठाम मत. म्हैस दुधाला कमी आली तरी म्हणायचे, "गानी ऐकून बसलीया. तिचं ध्यान कुठं हाय?"

आणि हेच तात्या सेल उतरले की बांधावर उन्हात मांडायचे, तेवढाच त्यांना पुन्हा दम यावा म्हणून. मी एकदा धीर करून विचारलं, "वाजायला नको, तर तापवता कशाला?"

"सांजच्याला तासभर देतो की तिला. तवा तरी नीट वाजाय नको व्हय?"

एका संध्याकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते. तात्या येऊन दगडावर बसले.

"पयलं कुसुम भाकरी थापायची आन् म्या रानातलं सांगायचो," ते म्हणाले. "आता तोंड उघडलं की 'श्श' म्हनती. त्या डब्यात बोलायला लई मानसं हायती, वैनी. माज्या घरात ती येकलीच."

मी आत जाऊन चहा ठेवला. कुडाच्या भिंतीपलीकडं कुसुमचं भाकरी थापणं थांबलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी तिला सेल दिले. गाणं लागलं, आणि मधेच बंद झालं.

"बोला, तात्या," कुसुम म्हणाली. "त्यास्नी थांबाय सांगितलंय."

पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. दोन भाकरी होऊन गेल्या असतील.

"आज खाचरात बगळा आलता," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय न्हाई. लई येळ हुबा ऱ्हायला."