गोड बोलण्याची पंचाईत

"ए टोणग्या, किती ढोसतोस? पोट हाय का हीर? आन् तू गं भवाने, आधी नाक पूस!"

हेडमास्तर यज्ञेश्वर सबनीस खिडकीशी थबकले. शाळेत पाणी देणारी बायडाबाई रांजणाजवळ उभी राहून पोरांच्या ओंजळीत ओगराळ्यानं पाणी ओतत होती, आणि प्रत्येक ओंजळीबरोबर एक शिवी.

सबनीस नाशिकहून बदलून कोल्हापुरात आले, त्याला महिनाही झाला नव्हता. आदल्या वर्षी त्यांची बायको गेली होती. शाहूपुरीतल्या खोलीवर संध्याकाळी बोलायला कोणी नसे. निदान शाळेतल्या मुलांनी तरी जवळ येऊन चार शब्द बोलावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ते दिसले की मुलं भिंतीला चिकटून उभी राहत. शाळेतल्या या आरडाओरड्यानंच मुलं बुजली आहेत, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. "मास्तर असोत, शिपाई असो, नाहीतर पाणी देणाऱ्या बाई असोत, उद्यापासून मुलांशी गोड बोलायचं. अहो-जाहो करायचं. शिवी ऐकू आली, तर नोकरी राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पाचवीतला आकाराम पाणी प्यायला आला. बायडाबाईनं पदर सारखा केला.

"या आकारामपंत. पाणी घ्या."

आकारामनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"मावशी, म्या काय केलं?"

"काही नाही केलंत. घ्या ना, बाळ."

आकारामनं ओंजळ मागं घेतली. "आईच्यान, रांजणात बेडूक म्या न्हाय टाकला! गुंडूनं टाकलाता!"

बायडाबाईच्या ओठांवर आलेलं तिनं मोठ्या कष्टानं गिळलं. "असू द्या. बेडूकसुद्धा आपलाच."

आकाराम पाणी न पिताच पळाला. मावशी रुसली, ही बातमी घंटा व्हायच्या आत शाळाभर झाली. तिकडं शिपाई पिराजीनं "आपण वर्गात चलावं" असं म्हटल्याबरोबर तिसरीतली निम्मी पोरं दप्तरं घेऊन घरी गेली. रांजण भरलेले राहिले. पोरं सुकल्या तोंडानं लांबून बघत.

दोन दिवसांनी कवायतीत कालिंदी नावाची मुलगी चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी तिची आई अंबूबाई तडक हेडमास्तरांच्या खोलीत शिरली.

"पाणी का न्हाय पिलीस, असं इचारलं, तर म्हणती, मावशी रागावलीया. काय केलं वो माझ्या पोरीनं?"

"अहो, बायडाबाई तर फार गोड बोलतात!"

"त्येच की! वैऱ्यासंगट बोलल्यागत! आमची सासू मला धा वर्सं शिव्या देत हुती, तवर समदं ब्येस हुतं. ज्या दिशी 'अंबूबाई, बसा' म्हणाली, त्या दिशी आमची चूल वायली झाली!"

सबनिसांनी बायडाबाईला बोलावलं. "बाई, तुमचं पहिल्यासारखं चालू द्या."

"खरं, साहेब?"

"खरं."

ती व्हरांड्यात गेली, कमरेवर हात ठेवला आणि तीन दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर काढलं. "ए मुडद्यांनो! घसा वाळून मरायचं हाय व्हय? पळा हिकडं! कालिंदे, तुला तर आज फोडतोच बघ!"

सगळी शाळा रांजणाकडं धावली. कालिंदी सगळ्यात पुढं, हसत. बायडाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि तोच हात तिच्या डोक्यावरून फिरवला.

सबनीस खोलीतून ते बघत होते. काय वाटलं कोण जाणे, तेही जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला. त्यांनी ओंजळ पुढं केली.

"घ्या साहेब," बायडाबाई हळू, गोड आवाजात म्हणाली.

सबनिसांनी तिच्याकडं पाहिलं. मग मुद्दाम बोटं फाकवली. पाणी सारवलेल्या जमिनीवर सांडलं, तिच्या लुगड्याचा काठ भिजला. ते वाट बघत राहिले.

"असू द्या, साहेब. मी पुसतो."

सबनीस तसेच ओल्या हातांनी बाजूला झाले. तेवढ्यात कोणीतरी त्यांचा कोट ओढला. आकाराम होता. त्याचा चेहरा काळजीनं एवढासा झाला होता.

"सर, मावशी तुमच्यावर लई रागावलीया. तुमी काय केलासा?"

या शाळेत पहिल्यांदाच कोणी त्यांना आपणहून काही विचारलं होतं.

"सांगतो," म्हणून सबनीस पायरीवर बसले. आकाराम त्यांच्या शेजारी बसला. मग एकेक करून बाकीची पोरंही आली.