लॅपटॉपची वाचा बसली

अगरबत्ती मोडल्याचा आवाज इतका बारीक होता की दामाजीशिवाय तो कोणालाच ऐकू आला नाही. कट्. आणि काडीचा नखाएवढा तुकडा लॅपटॉपच्या कडेच्या गोल भोकात अडकून राहिला.

तसा दोष दामाजीचा नव्हता. दसऱ्याची पूजा मांडलेली. कोयते, विळे, तिजोरीच्या किल्ल्या, दारातली नवी जीप, सगळ्यांना झेंडू वाहून झाले होते. माजिवड्याची भातखाचरं टॉवरच्या इमारतींखाली गेल्यापासून कोयत्यांना वर्षाकाठी एवढंच काम उरलं होतं. केळ्यांची फणी जीपच्या बॉनेटवर राहिलेली, त्यामुळे अगरबत्ती खोचायची कशात हा प्रश्न होता. आणि पाटावर मधोमध ठेवलेल्या त्या काळ्या यंत्राच्या अंगालाच एक गोल भोक होतं, छान, अगरबत्ती बसेल असं. ज्यांनी एवढं महागाचं यंत्र केलं त्यांनी दसऱ्याचाही विचार केला असणारच, असं दामाजीला वाटलं. त्यानं खोचली. राख बटणांवर पडायला लागली तेव्हा घाईघाईनं ओढली. बाकीचं वर सांगितलंच आहे.

एरवी हे खपून गेलं असतं. पण त्याच्या थोडंच आधी मंजुळेनं लॅपटॉपच्या झाकणाला हळदकुंकू लावलं होतं, आणि दामाजीनं सख्ख्या भावासमोर, म्हणजे भिवासमोर, बायकोला फैलावर घेतलं होतं.

"गो, अक्कल हाय का तुना? हा काय पाटा-वरवंटा हाय? साहेबाची मशीन हाय ती! या घरात कोनी हात लावाचा नाय तिला. बिघडली ना, तर आनंदच्या साहेबाफुडं तुनाच उभी करीन!"

मंजुळेनं कुंकवाची कोयरी उचलली आणि ती आत गेली. ती गप्प बसली की आपण जिंकलो, असा दामाजीचा लग्नापासूनचा समज होता. असा जिंकलेला माणूस लगेच उठून "काडी माझीच मोडली" असं कसं सांगणार? घरातला शब्द एकदा पडला की पडला. त्यानं उरलेली अगरबत्ती झेंडूच्या फुलात खोचली आणि देवासारखा चेहरा करून बसला.

लॅपटॉप आनंदच्या कंपनीचा. आनंद म्हणजे दामाजीचा एकुलता एक. नुकताच कॉम्प्युटर कंपनीत चिकटलेला, अजून पक्का न झालेला. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या एका शाळेत 'बोलकी बाराखडी' नावाची सीडी दाखवायची होती. शाळेनं घेतली तर नोकरी पक्की, नाहीतर बघू, असं साहेब हसत हसत म्हणाले होते. हसत म्हणाले म्हणजे ते गंभीर होते.

"काका, आता ऐका हां," आनंदनं भिवाला पुढ्यात बसवून सीडी घातली.

पडद्यावर अननस आला. त्याला डोळे होते. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"भूक लागली असंल त्याला," भिवा म्हणाला.

आनंदनं आवाज वाढवला. मग तो वाढलेलाच होता असं त्याच्या लक्षात आलं. बंद करून चालू केला. अननस आला, तोंड उघडलं, मिटलं.

"कुंकू!" दामाजी ओरडला. "कुंकू गेलं आत!"

"बाबा, कुंकू झाकणावर लावलेलं. स्पीकर खाली आहेत."

"मंग उतरलं असंल खाली."

स्वयंपाकघराच्या दारात मंजुळा उभी होती. तिनं नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

"थांबा, हेडफोन लावून बघतो," आनंद म्हणाला. "त्यात आवाज आला तर स्पीकरच गेलेत म्हणायचे." आणि तो वॉकमनचा हेडफोन घेऊन नेमका त्या भोकाकडे वळला. हेडफोन तिथेच लागायचा, आणि तिथे काही खोचलं की स्पीकर आपोआप गप्प बसायचे.

दामाजीनं त्याचं मनगट धरलं. "सनाच्या दिवशी कानात काय घालाचं नाय!"

"असं कुठे असतं?"

"आपल्यात असतं. माजा आजा पालाचा."

"आपल्या आज्याकडं कंचा हेडफोन व्हता रं?" भिवानं विचारलं.

शेवटी टेंभी नाक्याहून पोपटला बोलावलं. पोपट नवरात्रात मंडपाला लाऊडस्पीकर लावायचा आणि बाकीचे दिवस लोकांचे टीव्ही खोलायचा. तो येताना खांद्यावर अख्खा कर्णाच घेऊन आला.

"आतला गेला तर गेला, बाहेरचा लावू," तो म्हणाला. "हा उद्या डोंबिवलीच्या शाळेत लाव. कल्याणपर्यंत बाराखडी पाठ होईल. पिन कुठे घालायची, बोला."

दामाजीनं भोकावर तळहात ठेवला. "नको. शॉक बसंल."

"काका, बॅटरीवर चाललाय तो."

"बॅटरीचा शॉक लई वाईट. हलूहलू बसतो."

"मग खोलतो," म्हणत पोपटनं स्क्रू ड्रायव्हर काढला. आनंदचा चेहरा पांढरा पडला. कंपनीचं सील होतं त्यावर.

"थांब, थांब! बोलत नाही, पण ऐकतो का ते बघू. माईक चालला तर आतलं कार्ड शाबूत आहे." आनंदनं पडद्यावर एक लहानशी खिडकी उघडली, लाल टिंब दाबलं आणि "हॅलो" म्हणाला. तेवढ्यात आतल्या खोलीत फोन खणखणला. "साहेब!" म्हणून तो धावला. साहेब काय म्हणतो ते ऐकायला भिवा त्याच्यामागे गेला. पोपट बारीक स्क्रू ड्रायव्हर आणायला स्कूटरकडे गेला.

खोलीत दामाजी आणि लॅपटॉप दोघंच उरले.

दामाजीनं खणातून काटे काढायचा चिमटा काढला. यंत्राला हात जोडले, दोन शब्द बोलला, आणि भोकात चिमटा घातला. खाचरांतले काटे काढण्यात हयात गेलेला हात होता. मोगऱ्याचा वास सोडत तुकडा अलगद बाहेर आला आणि दामाजीच्या खिशात गेला.

सगळे परत आले तेव्हा तो मांडी घालून, डोळे अर्धवट मिटून बसला होता.

"आता लाव," तो म्हणाला.

"तुम्ही काही केलंत?"

"काय नाय. नुसता हात फिरवला. मशीन बी मानूस ओलखते. शिकल्यानं सगलंच येत नाय, पोपट. आन मंजुले, तू पन बघ इकडं. बघून तरी शिक."

मंजुळा पुढे आली. आनंदनं पडद्याकडे पाहिलं. ती लहानशी खिडकी अजून उघडीच होती. तिच्यात रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं; त्यानं ते थांबवून पहिल्यापासून लावलं.

आणि लॅपटॉप बोलला. आधी आनंदचं "हॅलो", मग फोनची घंटा, खणाची खरखर, आणि मग स्वच्छ, खणखणीत, दामाजीचा आवाज:

"बाबा रे, चूक जाली. माजीच काडी मोडली तुज्यात. मंजुलेवर ढकललंय, ते तसंच ऱ्हाऊं दे. भिवाच्या कलर टीवीत नारलाचं पानी मीच सांडलेलं, ते पोपटाच्या नावावर खपलं. दोगं वरीसभर भांडले, पन मी कोनाला कलू दिलं नाय. तू पन कोनाला सांगू नको. ये… ये भाईर… हां, आली!"

भिवानं पोपटकडे पाहिलं. पोपटनं भिवाकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून दामाजीकडे पाहिलं.

"काय क्लिअर आहे!" आनंद आनंदानं म्हणाला. त्यानं शब्द ऐकलेच नव्हते, नुसता आवाज ऐकला होता. "बेस पण मस्त येतोय!"

"आनंद," दामाजी घसा खाकरत म्हणाला, "ते पुसता येतं ना रं?"

"येतं की. लगेच."

"थांब जरा," मंजुळा म्हणाली. ती सावकाश ओसरीवर गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि आळीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात तिनं हाक दिली, "गो सगुणा! गो लक्ष्मी! गोदाला पन आना गो! आमचा लॅपटॉप बोलाला लागला!"

बायका भजी तळायची टाकून धावत आल्या. मंजुळेनं सतरंजी अंथरली, सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि आनंदला खूण केली. भिवा पुढच्या रांगेत बसला. पोपटनं कर्णा जोडला.

आपट्याची पानं घेऊन दामाजी मागच्या दारानं निघाला. त्या दसऱ्याला गावात सगळ्यांच्या आधी सोनं वाटायला बाहेर पडला तो दामाजी, आणि सगळ्यांच्या नंतर घरी परतला तोही दामाजीच.