चौकशीला आलेले पाहुणे

“घरात कुणाला काही दुखणं?” धर्मराजने विचारलं.

“नाव काढू नका!” कारभारी ओसरीवर मांडी ठोकून म्हणाले. “आमच्या घराला दुखनं ठावंच न्हाई. काय गं?”

“बिलकुल न्हाई,” दाराआडून त्यांची बायको दुर्गाबाई म्हणाली.

नेमकी तेव्हाच कारभाऱ्यांची पुतणी अंगणातून गेली. हातपाय काडीएवढे आणि पोट हे एवढं पुढं आलेलं. तिची हिवतापानं वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, आंधळ्यालाही दिसली असती. धर्मराजने तिच्याकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं आणि कागदावर मुकाट्याने ‘नाही’ लिहिलं. करतो काय बिचारा! जे सांगतील तेच लिहायचं, असा हुकूम होता.

धर्मराज हैदराबादेत अर्थशास्त्र शिकून नुकताच कामाला लागला होता. दुखणं आणि दारिद्र्य एकमेकांचा हात धरून कशी चालतात, ते गावोगाव फिरून कागदावर आणायचं होतं. ज्या गावात दुखणं जास्त, तिथं सरकारी दवाखान्याची शिफारस करू, असं त्याच्या प्रोफेसरांनी कबूल केलं होतं. घनसावंगीच्या अलीकडची भोरवाडी हिवतापानं पिवळी पडलेली त्यानं आल्या दिवशीच पाहिली आणि मनाशी ठरवून टाकलं, दवाखाना झाला तर इथंच.

पण घोटाळा केला त्यानं स्वतःच. सरकारी कागदावर शब्द होता ‘तहकीकात’. तो ऐकला की माणसं मागच्या दारानं शेतात पसार होत. म्हणून शहाण्यानं छान घरगुती शब्द शोधला. दारात गेला की नमस्कार करून म्हणायचा, “मी चौकशीला आलोय.”

आता सांगा, कोटटोपीतला, बिनलग्नाचा, सोयरिकीत बसेल अशा कुळाचा तरणाताठा पोरगा दारात येऊन चौकशीला आलोय म्हणतो. जमीन किती, दुभतं किती, पोरी किती, कुणाला जुनं दुखणं आहे का, असं खोदून खोदून विचारतो. गावानं काय समजावं? जे समजायचं तेच समजलं!

मग काय, भोरवाडीत आजार औषधालाही उरला नाही. ज्याच्या त्याच्या घरी दूधदुभतं, गव्हाच्या पोळ्या. कचरूच्या अंगणात कपाळावर पांढरा चांद असलेली झकास म्हैस होती. दुसऱ्या दिवशी सगुणाबाईच्या गोठ्यातही तोच चांद दिसला.

“ही म्हैस मी कचरूकाकांकडे पाहिली होती,” धर्मराज म्हणाला.

“ती हिची बहीन,” सगुणाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली.

तिसऱ्या घरी ती मागच्या गल्लीतून इतक्या जल्दी आणली होती की बिचारी उभ्या उभ्या धापा टाकत होती. धर्मराजने कपाळाला हात लावला. कागदावरची भोरवाडी हैदराबादच्या नवाबांपेक्षा धडधाकट झाली होती. असल्या गावाला दवाखाना कोण देणार?

दिवेलागणीला तो चावडीत डोकं धरून बसला होता, तोच कचरू आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, “पावणं, तुमचं वाईट होऊ नये म्हनून सांगून राह्यलो. कारभाऱ्याच्या घरात एक दिसाआड हिव भरतं. त्याची पुतणी बघितली न्हवं तुम्ही?”

कचरू गेला तशी सगुणाबाई आली. “कचरू आल्ता का? त्याच्या भावाला खोकला हाये, दोन वर्सं झाली. रगत पडतं. मी सांगितलं म्हनून सांगू नका बरं!”

तिच्या मागून आणखी एक आला, त्याच्या मागून आणखी एक. ज्याच्या त्याच्या तोंडात शेजाऱ्याचं दुखणं. धर्मराज लिहितोय आणि ती हिवाची, खोकल्याची, मेलेल्या पोरांची माहिती काही संपत नाही. शेवटच्या माणसानं जाताना विचारलं, “मंग आमची पोरगी पसंत समजायची का?” तेव्हा कुठं स्वारीच्या डोक्यात उजेड पडला.

अर्थशास्त्र राहिलं बाजूला, धर्मराजला घाम फुटला. गप्प बसावं तर दवाखान्याचं काम फत्ते. पण सोयरिकीच्या आशेनं माणसं अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी काढत होती, ते त्याला सहन होईना. तो उठला आणि तडक कारभाऱ्यांच्या घरी गेला.

“काका, मी पोरगी बघायला आलेलो नाही.”

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. “मंग म्हस कशापायी मोजली?”

धर्मराजने ओसरीवरच्या बाजेवर टेकून सगळं सांगितलं. कुणाला काय होतं ते खरं कळलं, तर गावात दवाखाना होईल. गोळी-औषध मिळेल. मग दुर्गाबाई पदर सावरत बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

“लिवा,” ती म्हणाली. “मागल्या साली माझा धाकटा गेला. असंच हिव भरून भरून. पोरीच्या सोयरिकीला बट्टा नको म्हनून कुनाजवळ नीट रडले बी न्हाई.”

धर्मराजने ते लिहून घेतलं. कारभाऱ्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “सकाळी चावडीत समद्यांना बोलावतो. ज्यानं त्यानं आपापल्या घरचं खरं सांगायचं.”

काम झालं! धर्मराज सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच आतून कारभाऱ्यांची थोरली, इंद्रायणी, पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं मान वर करून एकदा बघितलं आणि आमच्या अर्थशास्त्रज्ञांचं लक्ष कागदावरून पार उडालं.

कारभाऱ्यांची नजर काय कच्ची होती! ते मिशीला पीळ देत म्हणाले, “बरं, दवाखान्याचं झालं. तुमचं लगीन झालंय का?”

“नाही.”

“घरी जमीन?”

“आहे की. काळी जमीन, बागाईत!” धर्मराज म्हणाला. बागाईत म्हणजे विहिरीकाठची चार केळी.

“आन तब्येतपानी? काही दुखनं-बिखनं?”

आता पंधरवडाभर भोरवाडीचे डास अंगावर घेतलेले. दुपारपासून हाडं ठणकत होती, पाठीतून थंडीची शिरशिरी चढत होती. धर्मराजने दात घट्ट आवळले, छाती पुढं काढली आणि थेट त्यांच्याच बोलीत म्हणाला, “बिलकुल न्हाई! आमच्या घराला दुखनं ठावंच न्हाई!”

इंद्रायणी जाता जाता दारात थबकली.

“आई,” ती म्हणाली, “घोंगडी काढ जाड बघून. पावणं ठणठणीत हायेत, पर त्यांच्या खालची बाज कवाची वाजून राह्यली.”