म्हशीला ताप येतोय की

ज्याची नोंद चोख, त्याचा जीव सुरक्षित, हे सत्य आमच्या दूध संस्थेने फार पूर्वी ओळखले. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या आमच्या गावात म्हशी चारशे बारा, आणि प्रत्येकीच्या कानात नंबरचा बिल्ला. लाळ्या-खुरकुताच्या लसीचे शिबिर लागले की उजाडायच्या आत रांग. गेल्या खेपेला हजेरी शंभर टक्के होती. (एक म्हैस नुकती व्यालेली. तिच्यासाठी डॉक्टर घरी गेले.) गावात माणसांची पोरेही आहेत. किती, ते बघावे लागेल.

अशा प्रगत गावात ‘लसींचा विकास व भावी उपयोग’ या विषयावर सभा होणे ओघानेच आले. मी संस्थेचा सचिव, त्यामुळे इतिवृत्त माझ्या गळ्यात. अध्यक्ष नेमगोंडा पाटील यांनी मोबाईल उंचावून, कॅन्सरवरची लस आता आलीच म्हणून समजा, असे जाहीर केले. मग सभासदांनी पुढच्या लसींच्या मागण्या नोंदवल्या. भाऊबंदकीवर एक, जावयाच्या रुसव्यावर एक (दर दिवाळीला बूस्टर), आणि शेजाऱ्याचा ऊस आधी तुटला की उठणाऱ्या पोटदुखीवर तातडीने एक. शास्त्रज्ञांनी आता कंबर कसावी, असे ठरले.

एवढ्यात उपकेंद्राच्या सिस्टर स्वप्नाली लसीची थंड पेटी सांभाळत उठल्या. खालच्या गल्लीत गोवर आला आहे आणि बाळासोंच्या नातीचा, आदितीचा, गोवराचा दुसरा डोस सात महिने राहिला आहे, असे त्या म्हणाल्या. भविष्याच्या सभेत असला जुनापुराणा विषय काढणे बरे नव्हे. पण सरकारी माणूस, म्हणून ऐकून घेतले.

बाळासो म्हणजे संस्थेचे आदर्श सभासद. नात त्यांचा जीव की प्राण. तिला ठेच लागली तर हे उंबऱ्याला शिव्या घालतात. त्यांनी शांतपणे खुलासा केला की मागच्या डोसाला पोरगी तापली होती, दोन दिवस धड जेवली नव्हती. कशाला उगाच लेकराच्या जिवाला त्रास?

“आबा, लस टोचल्यावर म्हशीला ताप येत न्हाय?” सिस्टरनी बाळासोंना विचारले.

“येतोय की. दोन दिस दूध बी कमी देत्या. म्हणून काय टोचायचं न्हाय व्हय? दावणीला मरू द्यायची?”

मागून त्यांच्या घरच्या, शालूबाई, म्हणाल्या, “आमच्या पोरीच्या कानात बिल्ला न्हाय, एवढीच तिची चूक.”

बाळासो उठले, चप्पल न घालताच घरी गेले आणि दहा मिनिटांत आदितीला कडेवर घेऊन आले. सुई टोचली तेव्हा डोळे त्यांनीच मिटले. पोरीने मात्र भोकाड पसरून सभा दणाणून सोडली.

पुढे एकमताने ठराव झाला की यापुढे पोरांची नोंद संस्थेतच ठेवावी. रजिस्टर म्हशींचेच वापरायचे, कारण रकाने आखून तयार आहेत. फक्त कितव्यांदा व्याली ते लिहायचा ‘वेत’ हा रकाना मोकळा सोडायचा.

हसताय? हसा की. तेवढी तुमच्या पोराच्या पुढच्या डोसाची तारीख सांगा. गाडीच्या सर्व्हिसिंगची नको, ती तुम्हाला पाठच असणार. आणि हो, स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे नाही.