ऐकणारा बसलाय का?

प्रधानसाहेब रोज दुपारी बाराच्या भोंग्याला ऑफिसातून घरी फोन लावत आणि एक शब्द न बोलता ठेवून देत. रिसीव्हर कानाला, डोळे मिटलेले, मग "हं" असा एक हुंकार, की फोन खाली. अकाउंट्सचे लालवाणी म्हणत, "उधरसे बीवी गाली देती होगी, ये सुनता होगा." आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. अंबरनाथच्या एका रंगांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागाला लागलो होतो. त्याच पट्ट्यात माझ्या वडिलांनी गोण्या वाहिल्या. घरात बी.एस्सी. झालेला मी पहिला, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. प्रधान माझे साहेब. एसीच्या खोलीत एक मोठं मशीन होतं, सगळा डेटाबेस त्यात. तिथे बूट काढून जायचं. बाकी टेबलांवरच्या मशीनमध्ये त्याच्याशी बोलणारा क्लायंट नावाचा प्रोग्रॅम फ्लॉप्यांवरून टाकायचा. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की तिकडून उत्तर. उत्तर आलं नाही की लोक प्रधानांना बोलावत, आणि पस्तावत.

कारण प्रधानांना घाई ठाऊक नव्हती. खुर्चीत बसून ते आधी टेबलावर नखाने टकटक करत. मग विचारत, "गायकवाड, समोरचं मशीन जिवंत आहे का?" मी पिंगचा हुकूम टाइप करून सांगायचो, आहे. "ऐकणारा बसलाय का?" क्लायंटची हाक ऐकायला मोठ्या मशीनवर एक वेगळा प्रोग्रॅम चालू असावा लागतो. मॅन्युअल त्याला लिसनर म्हणे, प्रधान ऐकणारा म्हणत. तो बंद असेल तर मशीन कितीही जिवंत असो, उत्तर येत नाही. त्यानंतर मोठ्या मशीनच्या पत्त्याची फाइल, आणि पासवर्ड सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडलेला त्यांना खपत नसे.

दिवाळीनंतर लालवाणींचा क्लायंट रुसला.

"प्रधान, सब उडाके फिरसे डाल दो ना यार."

मीही म्हणालो, "साहेब, काढून नवीन टाकू या. वेळ वाचेल."

"चालेना की काढून टाका," प्रधान पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "बी.एस्सी.ला हेच शिकवतात? अशी माणसं बायकोही बदलत असतील."

"वो बदलने देगी तब ना," लालवाणी म्हणाले.

दुपार गेली तेव्हा सापडलं. पत्त्याच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीवर इंग्रजी अक्षरांत 'श्री' लिहिलेलं. लक्ष्मीपूजनाला लालवाणींनी मशीनला हार घातला होता, आणि उघडतील त्या सगळ्या फाइलींच्या डोक्यावर श्री लिहिला होता. वह्यांवर लिहितात तसा.

"भगवान का नाम नहीं तो फाइल चलेगी कैसे?"

मी तो खोडायला गेलो. प्रधानांनी माझा हात धरला आणि श्रीच्या आधी एक खूण टाइप केली. ती असली की मशीन ती ओळ वाचतच नाही. "देव राहू दे. मशीनने वाचला नाही म्हणजे झालं." क्लायंट जोडला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाराचा भोंगा झाला, एसीच्या खोलीतून तसेच बाहेर येऊन प्रधानांनी फोन लावला, आणि या वेळी डोळे मिटले नाहीत. घंटा वाजत राहिली. बराच वेळ.

"मशीन जिवंत आहे, गायकवाड," ते म्हणाले. "ऐकणारा..." रिसीव्हर टेबलावर तसाच टाकून ते अनवाणी निघून गेले. बूट एसीच्या खोलीबाहेर राहिले.

संध्याकाळी ते बूट घेऊन मी बदलापूरला, खरवईकडच्या त्यांच्या घरी गेलो. दाराशी माणसं जमली होती. शेजारीण सांगत होती, की वहिनी कित्येक वर्षं अर्धांगाने खिळलेल्या. वाचा गेलेली, एक डावा हात तेवढा चालायचा. बाराला फोन आला की त्या रिसीव्हर उचलत आणि नखाने त्यावर टकटक करत. ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवस झाल्यावर प्रधान कामावर आले. बाराला फोन लावला. लालवाणी खुर्चीवरून उठून बाहेर गेले. पुढे रोजच जात राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर आमची क्लायंटची तिसरी फ्लॉपी खराब निघाली. दुसरा संच प्रधानांच्या घरी होता. त्यांनी मला किल्ली दिली. "कपाटाच्या खालच्या खणात. बारापर्यंत पोचाल."

घरात गादी गुंडाळलेला पलंग, उशाशी स्टूल, स्टुलावर फोन. फ्लॉप्या मिळाल्या, तेवढ्यात तो वाजला. कुणाचा ते मला ठाऊक होतं. हात पुढे नेला आणि मागे घेतला. घंटा थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा प्रधान नेहमीच्या खुर्चीत होते.

"वाजला?"

"वाजला, साहेब."

"नीट ऐकू येतो?"

"शेवटपर्यंत ऐकला."

"हं," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "द्या ती तिसरी."